शीर

प्रश्नावलीत वीस प्रश्न होते, मराठीत,
मागच्या पानावर तेच तेलुगूत,
अशोक चौकातल्या दुकानातून टाइप करून घेतलेले.
गोळी कशाची आहे? जेवणाआधी की नंतर?
कधी विसरता का?

बालामणी म्याकल, वय एकोणसाठ, विडी घरकुल.
मांडीवर सूप, हात चालूच.
"विसरायला काय झालं?
हजार विड्या मोजते रोज, पंचविसाचा कट्टा.
एक कमी निघाली तर चेकर अख्खा कट्टा छाटात टाकतो.
गोळी तर एकच."

वीसपैकी सतरा गुण.
मी कोपऱ्यात लिहिलं: औषधाचे ज्ञान, उत्तम.
पेनाला टोपण लावलं.

मग तिने फळीवरून पट्टी काढली,
जर्द्याच्या डब्यामागून,
आणि पानं कापायच्या कात्रीने
गोळी मधोमध, एका झटक्यात.
अर्धी जिभेवर. अर्धी बशीखाली झाकून.
"ही यांची."

पेंटप्पा रात्रपाळी करून झोपलेला,
मागाच्या खडखडाटाला घातलेले बोळे
कानात तसेच.
"दोघांना बीपीच की. चिठ्ठी एकात भागते.
चक्कर? येते ना, घेतल्यावर तासाभरात.
दोघांनाही. उन्हाची असंल."

वीस प्रश्नांत हा प्रश्न नव्हता.

तीच गोळी मी दुकानातून घेतली,
कात्री मात्र तिचीच मागून नेली.
"उद्या सातच्या आत दे. पानं भिजत घातलीत."

प्रयोगशाळेत सहा काचेची भांडी,
प्रत्येकात नऊशे मिली, सदतीस अंश.
हे माणसाचं पोट, असं आम्ही धरून चालतो.
अख्खी गोळी तासन्‌तास बसून राहिली,
थोडं थोडं देत,
घरखर्चाला बाई देते तसं.
कापलेली चाळीस मिनिटांत रिकामी.
पगाराच्या संध्याकाळी गुत्त्यावर गेल्यासारखी.

हत्तुरे सरांनी आलेख पाहिला, चष्मा कपाळावर.
"विडीची कात्री कुठल्या पद्धतीत बसवायची?"
मग बराच वेळ काही नाही.
मग, "पुन्हा कर. अजून सहा."

रात्री यंत्राशेजारी बसून होते.
समोर टिकाऊपणा तपासायची पेटी गुणगुणत होती.
चाळीस अंशांत गोळ्या ठेवायच्या, सहा महिने.
मे महिन्यात पत्र्याखालची ती फळी
रोज दुपारी पेटीच्या पुढे जाते,
आणि तिची नोंद कुणी ठेवत नाही.

सातला पाच कमी असताना पोचले.
कात्री दिली. सगळं सांगितलं.
आवरणाचं, चोवीस तासांचं,
पट्टीमागे मुंगीएवढ्या इंग्रजीत लिहिलंय ते:
कापू नका, चावू नका.
पेंटप्पाला सिव्हिलला न्या, त्यांची चिठ्ठी वेगळी करा.
ती ऐकत होती, ओलं पान उजेडाकडे धरून.

"पानाचं पण असंच," ती म्हणाली.
"शिरेकडं न बघता कापलं की वळताना फाटतं.
पण शीर दिसते आम्हाला.
तुमच्या गोळीवर कुठाय शीर?"

घरी आल्यावर तिचा कागद काढला.
'उत्तम' खोडणार होते.
खोडलं नाही.

आता राळ्याएवढे दाणे करते,
दाण्यादाण्याला वेगळं आवरण,
ते दाबून एक गोळी, मधोमध रेघ.
मोडली तरी प्रत्येक अर्धीने
आपला आपला दिवस पुरवून न्यावा, एवढंच.
सातव्या खेपेलाही रेघेवर मोडत नाही.
कडेने भुगा होतो, बोटाला लागतो.

पेंटप्पाला सिव्हिलला नेलं एका गुरुवारी.
त्याचं बीपी तिच्याहून बरंच वर निघालं.
म्हणजे अर्धी त्याला पुरत नव्हतीच,
आणि ती रोज
स्वतःच्यातली काढून देत होती.

आठवी खेप सोमवारी.
सर म्हणतात, दाब थोडा कमी ठेव.